कडेला सोडलेली जागा

मित्रांनो, ज्याच्या नावाने तुम्ही रोज दातओठ खाता, तो या गल्लीतला जुना स्पीडब्रेकर मी. अंगावरचे पिवळे पट्टे कधीच पुसले गेले. चाकं झेलून झेलून आता जीव अगदी मेटाकुटीला आला आहे.

माझा जन्म झाला तो समोरच्या घरातल्या आजोबांच्या हट्टापायी. त्यांची नात पायी शाळेत जाऊ लागली आणि गल्लीतून गाड्या तर सुसाट जायच्या. त्यांनी नगरपालिकेत खेटे घातले, साहेबांचं डोकं खाल्लं, तेव्हा कुठे गवंडी आला. काम संपत आलं तसे आजोबा हळूच त्याला म्हणाले, "आमच्या फाटकाकडे हातभर जागा सोडा हो. माझी कंबर धरलेली असते. स्कूटर तेवढ्यातून काढीन."

गवंड्याने सोडली. सुरुवातीला माझं काय कौतुक झालं! मोठमोठ्या गाड्याही माझ्यापाशी निमूट हळू व्हायच्या. पण दुचाकीवाल्यांना पळवाट दाखवावी लागत नाही. बघता बघता सगळे त्या फटीतूनच जाऊ लागले, फाटकाला अगदी घासून. नात पहिलं पाऊल टाकायची, नेमकी तीच जागा. मला ओरडायला तोंड नव्हतं. मी नुसता पडून पाहत होतो.

शेवटी व्हायचं तेच झालं. एका सकाळी नात दप्तर सावरत बाहेर पडली आणि दूधवाल्याच्या मोटारसायकलने तिला उडवलं. तिचा पाय मोडला. दूधवाला रडकुंडीला आला. "रोज इथूनच जातो हो मी, आजोबा. तुम्हीपण जाता ना?"



दुसऱ्या दिवशी आजोबा स्वतःच सिमेंटचं घमेलं घेऊन माझ्या कडेला बसले. मागे हॉर्नचा नुसता गोंगाट. कुणीतरी खेकसलं, "ही जागा बुजवायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

"ठेवायला मीच सांगितलं होतं," आजोबा म्हणाले आणि खाली मान घालून सिमेंट थापत राहिले.

मित्रांनो, मी फार थकलो आहे. मला खुशाल शिव्या द्या, पण माझ्यापाशी हळू व्हा. मला चुकवायला वाटा शोधू नका. समोरच्या खिडकीत प्लास्टरमधला पाय लांब करून ती मुलगी बसलेली असते. "पाय बरा झाला की मी चालत जाऊ ना शाळेत?" असं ती आजोबांना रोज विचारते. हो म्हणायला त्यांची जीभ अजून रेटत नाही.