शालूच्या हलगीचं जुनं चामडं

मित्रांनो, मी एक जुनी हलगी आहे, पण माझं चामडं नवं आहे. माझं सगळं दुःख एवढ्यातच सामावलंय.

वाटूरच्या पुढे आमचं गाव. कडूबांनी तरुणपणी मला घडवलं. लाकडाचं कडं आणि त्यावर ताणलेलं शेळीचं चामडं. वाजवण्याआधी मला विस्तवावर शेकावं लागतं, नाहीतर आवाज बसलेला येतो. किती लग्नांत वाजले, आठवत नाही. पुढे कडूबांचे हात थरथरू लागले आणि मी खुंटीवर गेले.

तिथून मला त्यांच्या लेकीनं, शालूनं उतरवलं. तिचा नवरा दारूनं गेला तेव्हा तृप्ती पोटात होती. शालू माहेरी आली, बाळंत झाली आणि दारूबंदीची गाणी रचू लागली. पोर झोळीत, मी खांद्याला. घरोघरी ती बायकांना समजावून सांगे, "आपलं बायकांचंच मतदान हाय. कागदावर एक बाटली उभी, एक आडवी. निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद!"

एकदा दारूच्या दुकानापुढं कचरूमामा हसला. "शाले, हलगी लग्नात वाजवावी."

"लग्नच हाय की, मामा. तुमच्या दुकानाची पाठवणी करून राह्यले."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. आणि मी अशी कडाडले, की काय सांगू!

गाण्याचे बोल विसरू नयेत म्हणून शालू ते माझ्या चामड्याच्या आतल्या बाजूला पेनानं लिहायची. मला छातीशी धरलं की अक्षरं तिच्या डोळ्यांसमोर. मोर्चाची गाणी सगळ्यांच्या तोंडी बसली. पण एक अंगाई होती, चार ओळींची. ती फक्त घरात, फक्त तृप्तीसाठी.

मतदानाला चार दिवस उरले आणि शालूला डेंग्यू झाला. जालन्याच्या दवाखान्यात कडूबा रक्ताची पिशवी आणायला धावले होते, तेवढ्या वेळात ती आईला म्हणाली, "माय, अंगाई हलगीच्या आत लिव्हलीय. कुणाकडून वाचून घेऊ नको. तृप्ती शिकली की तिलाच वाचू दे."

शालू परत आली नाही. चौथ्या दिवशी बायका तिचंच गाणं म्हणत रांगेत उभ्या राहिल्या. बाटली आडवी झाली. दुकानाला कुलूप लागलं. त्या दिवशी मला कुणीच शेकलं नाही.

तृप्ती मोठी होत गेली. आजीनं, पुष्पाबाईंनी, तिला सांगून ठेवलं होतं, "आधी वाचायला शीक, मंग हलगीत बघ." पोरगी दुकानांच्या पाट्या वाचायची, बिस्किटाचे पुडे वाचायची. दुसरीत गेल्यावर म्हणाली, "आजी, आता मला जोडाक्षर बी येतंय. आईच्या पुण्यतिथीला वाचते."

कडूबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना वाचता येत नाही. लेकीच्या पुण्यतिथीला नातीच्या हाती चांगली हलगी द्यावी, म्हणून त्यांनी माझं सैल पडलेलं चामडं उतरवलं आणि नवं ताणून बसवलं. आतली निळी अक्षरं त्यांना शाईचे डाग वाटली. जुनं चामडं चुलीत गेलं.

पुण्यतिथीला तृप्तीनं हात धुतले आणि मला उलटं केलं. आत कोरं पांढरं.

"आजी, इथं तर काहीच न्हाई."

पुष्पाबाई नवऱ्याकडं बघत राहिल्या. "अहो, काय केलंत हे?" अंगाईचं कळलं तेव्हा कडूबा चुलीपाशी जाऊन बसले. आपल्याच हातांकडं बघत म्हणाले, "मला वाटलं, पोरीला नवी करून द्यावी..."

पुष्पाबाईंना दोनच ओळी आठवल्या.

नीज माझे बाळे, दूर जात न्हाई,
बाटली आडवी करून आत्ता येते आई.

तृप्तीनं पेन आणून त्या माझ्या आत लिहिल्या. खाली दोन ओळींची जागा मोकळी सोडली. मग आजोबांच्या मांडीवर जाऊन बसली.

मित्रांनो, जुनी वस्तू नवी करण्याआधी एकदा उलटून बघा. वाचता येत नसेल, तर घरातल्या कुणाला विचारा. माया असली तरी विचारा.

ती मोकळी जागा अजून तशीच आहे. उरलेल्या दोन ओळी मला पाठ आहेत. तृप्ती मला शेकते, कान लावते, बोटांनी हळूच वाजवते. मी जीव तोडून वाजते. पण हलगीकडं ताल असतो, बोल नसतात.