गुत्तेवाल्याकडचा पट

चर्चच्या पाळकसाहेबांनी वस्ती गोळा करून गल्लीतला दारूचा गुत्ता बंद पाडला. तेव्हापासून रोज संध्याकाळी ते जातात तरी कुठे, या विचाराने त्यांच्या लेकीला चैन पडेना. शेवटी ती मागोमाग गेलीच. बाबा शिरले ते थेट गुत्तेवाल्याच्या घरात! दारातून डोकावते तर काय, दोघं बुद्धिबळ खेळत बसलेले.

"बाबा, हे तर तुमच्या जिवावर उठले होते ना?"

"हो ना," घोडा उचलत पाळक म्हणाले. "पण दुकान गेल्यापासून यांच्याकडे कुणी फिरकत नाही गं."

"आणि यांना काडीचं खेळता येत नाही," गुत्तेवाला हसला.

पटावर बाबांचा वजीर केव्हाच गेला होता. लेकीने बाबांशेजारी खुर्ची ओढली.