बिरुदं संपेपर्यंत बंद

मी एक जुना वेशीचा दरवाजा आहे, मित्रांनो. हल्ली मी उघडत नाही आणि बंदही होत नाही. तरी लोक मला दरवाजाच म्हणतात, हा त्यांचा मोठेपणा.

सुतार-लोहारांनी मला घडवलं तेव्हा इथे एक हिंदू राजघराणं राज्य करत होतं. माझ्या फळ्या सागवानी, कपाळावर गणपती, आणि पोटात दिंडी, म्हणजे एका माणसाने वाकून ये-जा करावी एवढं छोटं दार. घराण्याची एक रीत होती. राजा बाहेरून आला की भाटाने आतून त्याची सगळी बिरुदं म्हणायची आणि शेवटचं बिरुद झाल्यावरच माझा अडसर काढायचा. पहिल्या राजाची बिरुदं मोजकी होती. तो घोड्यावरून उतरायच्या आत मी उघडत असे.

पुढे परचक्र आलं. शेजारची राजघराणी एकामागून एक पडू लागली. एखादं पडलं की आमच्या दरबारात मोठी धावपळ होई. मदत पाठवण्यासाठी नव्हे. पडलेल्या राजाची बिरुदं वाया जाऊ नयेत म्हणून ती आमच्या राजाला जोडायची असत. ज्याने समुद्र पाहिला नव्हता तो 'सागरपती' झाला. सैन्य किती आहे असं विचारलं, की सेनापती बिरुदं म्हणून दाखवी.

मग आमची पाळी आली. राजा लढायला गेला, शर्थीने लढला आणि पडला. दुसऱ्या सकाळी शत्रूचा सरदार हत्ती घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. आत सैनिक उरले नव्हते. म्हातारी, लेकुरवाळी, आजारी माणसं मागच्या चोरदरवाजाने नदीपार निघाली होती. पण माणसं फार आणि नावा थोड्या. मी तरी हत्तीच्या किती धडका सोसणार?

भाटाने दिंडी किलकिली केली. "उघडतो, सरकार! फक्त आपली बिरुदं सांगा. बिरुदांशिवाय इथे राजा शिरत नाही, दरोडेखोर शिरतात."

सरदाराने हत्ती थांबवला. "मला नुसतं सरदार म्हणतात."

"एवढंच? अहो, आमच्या कोतवालालासुद्धा यापेक्षा जास्त होती!"

सरदाराचा चेहरा पडला. "मग आता?"

"मी आहे ना! आमच्या राजाची मोकळीच पडलीत."

भाट सुरू झाला. 'गजदर्पहारी', 'दशदिशाकंपन', 'कालांतक'... सरदार प्रत्येक बिरुदाला मान डोलावत होता. हत्ती पेंगू लागला.

द्वारपालाची बायको नदीवरून धापा टाकत आली. "भावजी, ताणा अजून! कुंभारणीला कळा सुटल्यात. तिला आत्ता कुठे नावेत घालतोय."

भाट कुजबुजला, "वहिनी, समुद्र संपले, पर्वत संपले. आता कुठून आणू?"

"आमच्या सासूबाईंना गल्ली काय काय म्हणते, ते घाला की!"

त्याने घातलं. 'अखंडगर्जन', 'परदोषदर्शी', 'सकलशांतिभंजक'.

बाहेरून आवाज आला, "वा! हे पुन्हा म्हण."

ऊन डोक्यावर आलं तेव्हा वहिनी परत आली. "शेवटची नाव थांबलीय. चला तुम्हीपण."

"माझा आवाज थांबला की हत्ती जागा होईल. तुम्ही निघा."

ती डोळे पुसत गेली. नाव पलीकडे लागली असेल असा अंदाज घेऊन भाटाने शेवटचं बिरुद म्हटलं आणि माझा अडसर एकट्याने ओढला.

सरदार आत आला. चुली विझलेल्या, रस्ते ओस, मुजऱ्याला माणूस नाही. "लोक कुठे गेले?"

"पळाले, सरकार. 'कालांतक' आलाय म्हटल्यावर कोण थांबेल?"

सरदार विचारात पडला. भाट खोटा म्हणावा, तर बिरुदं खोटी ठरत होती. त्याने गळ्यातला हार काढून भाटाला दिला.

राजघराणं गेलं ते गेलंच, मित्रांनो. पण नदीपलीकडे पोचण्याआधीच कुंभारणीला नावेत मुलगी झाली, आणि पुढे ती सगळी माणसं आपली भांडणं, गाणी आणि सासवांसकट परत आली. तिकीट काढून मला पाहायला येणारे तुम्ही त्यांच्याच लेकींची लेकरं आहात. वाटाड्या तुम्हाला सांगतो, "इथे आपण हरलो." त्याला खुशाल हसा. मात्र माझ्या फळ्यांना वाळवी लागली आहे, तिच्यावर औषध मारायला लावा. घरातलंच माणूस समजून हक्काने सांगतोय.