धर्माच्या होडीतलं सर्किट

परेशच्या प्रिंटरची रेवदंड्यात गावभर थट्टा व्हायची. बंद पडलेल्या सायबर कॅफेतला भंगार लेझर प्रिंटर आणून त्यानं त्याचं पार पोट फाडलं होतं. आतला कागदाचा वळणाचा रस्ता तोडून सरळ केला आणि कागदाऐवजी तांबं चढवलेली पट्टी सरकवायची अक्कल लढवली. पट्टीवर काळ्या पावडरीत सर्किटच्या रेघा उमटत. ती तापवून पावडर पक्की करायची, मग ॲसिडात बुडवायची. रेघांखालचं तांबं राहतं, बाकीचं विरघळतं. एवढंच. पण आपलं डोकं चाललं या आनंदात असलेल्या माणसाला 'एवढंच' कोण म्हणणार?

सगळ्यात चांगली कोरी पट्टी त्यानं मेहुण्यासाठी, धर्मासाठी, वेगळी काढून ठेवली. धर्माची होडी जुनी, तळातून पाणी घेणारी. रात्री पाळीपाळीनं एकेक खलाशी जागून पाणी उपसायचा. आता त्या पट्टीवरच्या सर्किटमुळे पाणी चढलं की पंप आपोआप सुरू होणार होता. नारळी पुनव उलटून आज पहाटे धर्मा निघाला, तेव्हा परेशनंच छातीठोकपणे सांगितलं, की आता सगळे खुशाल झोपा.

दुपारी त्यानं त्याच खेपेतलं दुसरं सर्किट पाण्याच्या पिंपातल्या पंपाला जोडलं आणि चालू ठेवून जेवायला बसला. धर्माचं घाईत नुसतं चालू-बंद करून पाहिलं होतं. हात धुऊन येतो तर पंप गप्प आणि जळका वास. रेघा झाकणारा वरचा हिरवा रंग खरवडला, तर जाड रेघ एका जागी ॲसिडनं कुरतडून केसाएवढी झालेली आणि तिथंच जळून तुटलेली. उरलेल्या पट्ट्या पाहिल्या. प्रत्येकीवर त्याच कोपऱ्यात तसाच कुरतडलेला, अंगठ्याएवढा गोल डाग.

तेलकट बोट लागलं की पावडर धरत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक. थिनरनं पुसलेल्या पट्टीला तो स्वतः कडेनंच धरायचा. घरात दुसरं माणूस एकच. आई, ठमीबाई, पडवीत सुके बोंबील निवडत बसली होती. त्यानं शक्य तितक्या शांतपणे विचारलं.

आधी ती कबूलच होईना. मग ओशाळून म्हणाली, की दर्यावर जायची नवी वस्तू तशीच कशी धाडायची? तेलात कुंकू कालवून प्रत्येक कोऱ्या पट्टीला टिळा लावला, आणि पोरगा चिडेल म्हणून लगेच पदरानं पुसून टाकला.

परेशनं तिथूनच धर्माला फोन लावला. लागेना. बरोबरच्या होड्यांवरचेही लागेनात. दिवस कलत आला होता. थोड्या वेळानं जाळी टाकून, जेवून, सगळे त्या पंपाच्या भरवशावर अंग टाकणार होते. त्याच्याच शब्दावर. तो पुन्हा पुन्हा तोच नंबर दाबत राहिला.

त्याचा उतरलेला चेहरा पाहून ठमीबाईला माया आली. बोंबलाचे हात पदराला पुसून ती उठली आणि तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"घाबरू नुको," ती म्हणाली. "धर्माच्या पट्टीला मी दोनदा कुकू लावलाय."