विटेचे कण

...आणि त्या नळीतून डोकं बाहेर आलं. पांढऱ्या ट्रेमधली, तांदळाच्या दाण्याएवढी ती वाळूची नळी तिने मघाशी ओढ्यातला नमुना निवडताना काडी समजून बाजूला सारली होती. आता आतली अळी सहा पायांनी घर ओढत निघाली होती. ही अळी स्वच्छ पाण्याशिवाय जगत नाही. आणि पाणी तर खालच्या ओढ्याचं—रंगाच्या कारखान्यामागच्या, ज्याला तिने स्वतःच्या शोधनिबंधात ‘मृत’ म्हटलं होतं. त्या कारखान्यात हयात घालवलेल्या बाबांनी तो शब्द वाचला, आणि तेव्हापासून तिच्या कामाबद्दल चकार शब्द काढला नाही. जेवताना मीठ तेवढं मागायचे.

नाचावंसं वाटलं. लगेच आठवली—नमुने धरायची जाळी! आधीची खेप त्याच ओढ्याच्या वरच्या, नितळ भागात झाली होती. दोन ठिकाणांमध्ये जाळी धुवायची, उन्हात कडक वाळवायची, हे विद्यार्थ्यांच्या कानीकपाळी ओरडणारी मी... धुतली नक्की. वाळवली? दोरीवर टाकल्याचं आठवतं, पण ते या वेळचं की मागच्या... ओल्या जाळीतून आलेली पाहुणी, आणि मी गावभर दवंडी पिटणार! तिला हसूही आलं, रडूही.

तिने भिंगाखाली पाहिलं. नळीच्या मागच्या टोकाला काळी वाळू, पण पुढे तोंडाशी—लाल. वाढेल तसं ही अळी डोक्याच्या बाजूने घर वाढवते, मिळतील ते कण चिकटवत. विटेचे कण! वरच्या ओढ्यात वीट कुठली? कारखाना बंद झाला तेव्हा मागची भिंत पाडून ओढ्यातच लोटली होती—बाबा जिला टेकून डबा खायचे, ती. म्हणजे ही इथे राहिली, इथे वाढली. तिने लगेच सरांना फोन लावला.

सरांनी शांतपणे तिच्या उत्साहावर पाणी ओतलं. वरून वाहत आली असेल, एकीने ओढा जिवंत होत नाही, जाळी वाळवा आणि पुन्हा जा. सर मार्गदर्शक होते, आणि बरोबरही होते. तरीही तिने दुसरा फोन लावला.

“बाबा, उद्या ओढ्यावर येता माझ्याबरोबर? कारखान्यामागे.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“पाण्यात उतरायचंय?” बाबांनी विचारलं. “मग चपला कुठल्या घालू?”

उद्या ट्रे रिकामा निघेल, कदाचित. तिने तसं मनाशी म्हणून पाहिलं, आणि भीती वाटेना. जाळी खिडकीतल्या उन्हात टांगताना तिने ती दोनदा चाचपली—ओलीच होती अजून—आणि वाळायची वाट पाहत, उगाचच, ती तिथेच उभी राहिली.