भुईला विचारून

"शैले, हिसका मारू नको गं! पाय घसरला की हात सैल कर. आणखी घट्ट धरशील तर दोघी तोंडावर पडाल."

आईचा तो आवाज शैलजाच्या कानात अजून ताजा होता. नाशिककडचं गाव, नुकतं सारवलेलं अंगण, आणि त्यात फुगडी घालणाऱ्या दोन परकऱ्या पोरी. आई उंबऱ्यात बसून टाळ्यांचा ताल द्यायची आणि तिथल्या तिथे जुळवून गायची,

ओलं सारवण बाई, पाऊल टाक हळू
भुईला विचारून, मगच लाग वळू

त्या अंगणातली शैली आता आखातातल्या दोह्यात शैलजा मॅडम झाली होती. पुष्कळ वर्षं तिने मोठी विमानं उडवली. मग डाव्या कानाने दगा दिला, तोल जायला लागला, आणि डॉक्टरांनी तिला कायमचं जमिनीवर आणलं. तेव्हापासून ती सिम्युलेटरमध्ये वैमानिकांच्या परीक्षा घ्यायची. उंच लोखंडी पायांवर डुलणारी ती बंद खोली. आत खरं कॉकपिट, काचेबाहेर खोटं जग. सगळे तिला खोका म्हणत. 'शैलजा मॅडम खोक्यात कौतुक करत नाहीत,' ही गोष्ट नव्या पोरांना पहिल्याच दिवशी कळायची.

आज खोक्यात ईश्वरी बसणार होती. मदिनत खलीफा वस्तीतल्या शेजारच्या व्हिलातली, नीताची लेक. डोळ्यांदेखत वाढलेली. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. घरी 'शैलजामावशी', इथे 'मॅडम'. पोरगी उत्तम उडवायची. पण आजवर ती उजव्या खुर्चीवर होती, आणि तिच्या विमानात जमिनीवर चाक वळवायचा मान डाव्या खुर्चीचाच. तिथे डाव्या हाताशी एक छोटं चाक असतं, कॅप्टनचं. आभाळातून विमान अलगद उतरवायचं आणि खाली आल्यावर दुसऱ्याच्या हाती द्यायचं, अशी तिची वर्षं गेली होती. कॅप्टन व्हायचं तर जमिनीवर चालणं नव्याने शिकायला हवं. आणि तेही बर्फावर.

मागच्या परीक्षेत ती बर्फावरच नापास झाली. बर्फाखाली वाट दाखवणारी पिवळी रेघ हरवली, तरी पोरगी बोलली नाही. अंदाजाने वळली आणि विमान गवतात रुतलं. आज दुसरी संधी. आजही चुकली तर कॅप्टनच्या खांद्यावरची चौथी पट्टी कितीतरी वर्षं लांब जाणार होती.

मधल्या दिवसांत शैलजाने तिला घरी बोलावलं होतं. धुळीचं वादळ नुकतं येऊन गेलेलं. अंगणातल्या फरशीवर पाइपने पाणी मारून झालं होतं.

"चपला काढ," शैलजा म्हणाली.

"मावशी, व्हॉट आर वी डूइंग?"

"फुगडी. दे हात."

"युवर इअर, मावशी!"

"माझ्या कानाचं मी बघते. तू पायाचं बघ."

नीता कुंपणापलीकडून ओरडली, "अगं, हाडं मोडून घ्याल दोघी! कंपनी काय म्हणेल?"

दोन गिरक्यांत ईश्वरी घसरली आणि तिने सवयीने हात आवळले. "सैल सोड!" शैलजा ओरडली. पोरीने हात सैल केले, आणि काय नवल, पायांनी फरशी पुन्हा धरली. ती उभीच्या उभी हसायला लागली. शैलजाने मात्र भिंत धरली. जग अजून फिरत होतं.

आज बाहेर ऑगस्टचं भर दुपारचं ऊन. गाडीच्या दाराला हात लावला तर चटका बसावा असं. खोक्यात शिरताच समोर संध्याकाळ, उत्तरेकडचं एक विमानतळ आणि भुरभुरणारा बर्फ.

उजव्या खुर्चीत कराचीचा काशिफ होता. "मॅडम, बाहेर उबल रहे थे, अंदर मायनस आठ. अब तो ज़ुकाम पक्का."

"नाक पोंछो और चेकलिस्ट पढ़ो," शैलजा मागच्या खुर्चीवरून म्हणाली. शाल पांघरून ती पडद्यांसमोर बसली. इथे कंट्रोल टॉवरही तीच, वाराही तीच आणि बर्फही तिच्याच बोटांत.

विमानावर बर्फ वितळवणारं औषध फवारून झालं होतं. त्याचा असर थोडाच वेळ टिकतो. तेवढ्यात उडालं नाही तर परत येऊन पुन्हा फवारा घ्यायचा.

दोह्याच्या कोरड्या जमिनीवर इंजिनं सुरू झाली की लगेच फ्लॅप्स, म्हणजे पंखांच्या मागच्या फळ्या, खाली करतात. काशिफचा हात सवयीने तिकडे गेला.

"अभी नहीं," ईश्वरी म्हणाली. "पहिये गीली बर्फ उड़ाएँगे. वो फ्लॅप्स पे जम जाएगी. रनवे के पास जाके." आणि पुढे विसरायला नको म्हणून तिने चहाचा रिकामा कागदी कप फळ्यांच्या दांडीवर उपडा घातला.

शैलजाच्या ओठांच्या कडा हलल्या. तिने शाल तोंडावर ओढून घेतली.

विमान निघालं. आधी ईश्वरीने ब्रेक जरासा दाबून पाहिला. ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर हात ठेवावा तसा. भुईने उत्तर दिलं, थोडंसंच. पोरीने ते ऐकलं आणि वेग आणखी उतरवला. पुढच्या विमानापासून ती लांब राहिली, कारण त्याच्या इंजिनांचा झोत बर्फाचे खडे मागे भिरकावत होता.

पहिलं वळण आलं. शैलजाने बोटाने बर्फ गुळगुळीत केला. पुढची चाकं घसरली. विमान वळेना, सरळच चाललं. इथे भले भले हातातलं चाक आणखी पिळतात. ईश्वरीने ते सैल केलं, थोडं मागे आणलं. चाकांनी जमीन पुन्हा धरली आणि एवढं अवजड धूड सासरी निघालेल्या लेकीसारखं मान वळवत, हळूहळू वळलं.

"वाह," काशिफ पुटपुटला.

शैलजाला तो जीव ओवाळून टाकावा असा क्षण वाटला. पण खरी जागा पुढे होती. तिने बर्फ दाट केला. रेघ गेली. कडेचे निळे दिवेही पांढऱ्यात विरले. पुढे दोन वाटा फुटत होत्या. मग मन घट्ट करून ती टॉवरच्या आवाजात, इंग्रजीतून म्हणाली, "मागे विमानं खोळंबली आहेत. लवकर चला."

"स्प्रे का टाइम खलास हो जाएगा," काशिफ म्हणाला. "यल्ला, चलो कॅप्टन, लेफ्ट ही होगा."

विमान डावीकडे झुकायला लागलं. शैलजाच्या मनात आई टाळ्या वाजवत 'हळू' म्हणत होती, आणि बाहेर ती स्वतःच पोरीला घाई करत होती. आपलीच जीभ तिला परकी वाटली.

ब्रेक हळूच दबला. विमान थांबलं.

"काशिफ, मुझे लाइन नहीं दिख रही. तुझे?"

काशिफ काचेपाशी वाकला. "सच बोलूँ? नहीं."

"मग अंदाज नाही." ती हे मराठीत बोलली आणि तिचं तिलाच कळलं नाही. मग तिने टॉवरला नीट, सावकाश कळवलं. वाट दिसत नाही. आम्ही इथेच थांबलो आहोत. वाट दाखवणारी गाडी पाठवा. फवारा पुन्हा घ्यावा लागला तरी चालेल.

शैलजाने टॉवर होऊन होकार दिला. तिने पडद्यावर गाडी सोडली. पांढऱ्या अंधारात पिवळा दिवा लुकलुकत आला आणि उजवीकडे वळला. डावीकडे नुसतं गवत होतं.

पुढचं सगळं रीतसर झालं. परत फवारा. परत तीच वाट. धावपट्टीच्या तोंडाशी कप उचलला, फळ्या खाली आल्या, विमान उडालं. खोका शांत झाला, दिवे लागले. काशिफ बाहेर पळाला. "मैं धूप में खड़ा होके आता हूँ, मॅडम!"

ईश्वरी कप हातात फिरवत बसून राहिली. "पास?"

"पास. कॅप्टन."

पोरीने डोळे मिटले. मग हळूच, अडखळत मराठीत म्हणाली, "मी थांबले तेव्हा वाटलं, गेलं सगळं."

शैलजाने शाल काढून तिच्या खांद्यांवर घातली. खोक्यात तिने कधी कुणासाठी असं केलं नव्हतं.

"ऐक. तू नापास झालीस ना, त्या दिवशीच मला एक सांगायचं होतं. इतके हलके हात मी इतक्या वर्षांत कुणाचे पाहिले नाहीत. माझेसुद्धा नव्हते. पण तेव्हा बोलले असते, तर तू त्या हातांवरच विसंबली असतीस. तुझे हात कधीच अडत नव्हते गं, तोंड अडत होतं. आज तू 'दिसत नाही' म्हणालीस, म्हणून आता सांगते. तुझ्या विमानात मी डोळे मिटून बसेन."

"कानाने दगा दिला तरी?"

"कानाने दगा दिला तरी," शैलजा म्हणाली.