मामाच्या पसंतीचा लॅपटॉप

घरात विजेवर चालणारी कुठलीही वस्तू घ्यायची झाली की धाकटी बहीण एकच वाक्य म्हणायची, "दादाला विचारा." फ्रिज दादाने निवडला, मिक्सर दादाने निवडला, सासऱ्यांच्या कानाचं यंत्रसुद्धा दादाने निवडलं, आणि ते नीट चाललं नाही तेव्हा दोष सासऱ्यांच्या कानाला लागला. दादाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. असा एखादा दादा प्रत्येक घरात असतो. त्याला इतका डोक्यावर बसवतात की बिचाऱ्याला खाली उतरायची सोयच उरत नाही.

दादा एका मोठ्या दुकानात लॅपटॉप विकायचा. सतरा वर्षं झाली होती. अंगात दुकानाचा निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, आणि दिवसभर उभं राहून टाचेकडून झिजलेले बूट. माल त्याला खरोखर कळायचा, हे कबूल करायलाच हवं. गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत त्याला काय लागेल ते तो ओळखायचा. अडचण एवढीच, की गिऱ्हाइकाला काय हवं यापेक्षा दुकानाला काय नको, याला तिथे जास्त किंमत होती.

दुकानाला नको असलेल्या मालाला विक्रेते आपसात घरजावई म्हणायचे. येऊन वर्ष झालं, पाहुणचार संपला, तरी जायचं नाव नाही. साहेब दर सोमवारी अशा एका मॉडेलवर बोट ठेवायचा, आणि शनिवारपर्यंत प्रत्येकाने एक तरी घरजावई कुणाच्या तरी गळ्यात मारायचा, असा नियम होता. लागोपाठ तीन शनिवार रिकामे गेले की माणसाची रवानगी तळघरात, कव्हर आणि चार्जरच्या काउंटरवर. तिथून कुणी परत वर आल्याचं ऐकिवात नव्हतं. महिना-दोन महिन्यांत तो आपणहून राजीनामा द्यायचा, आणि साहेब त्याला निरोपाचं पाकीट द्यायचा. दादाचे दोन शनिवार रिकामे गेले होते. तिसऱ्या शनिवारी दुपारी बहीण आणि भाची दुकानाच्या दारातून आत आल्या.

भाचीला इमारतींचे नकाशे काढायच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला होता. लहानपणी ती बुटांच्या खोक्यांची घरं करायची, त्यांना जिने लावायची, आणि एक पायरी चुकली की सगळं मोडून पुन्हा मांडी घालून बसायची. दुसरं काही करायचं तिच्या मनात कधी आलंच नव्हतं. कॉलेजने तिला एक कागद दिला होता. मेमरी इतकी हवी, आणि जड नकाशे पडद्यावर फिरवायला ग्राफिक्स कार्ड वेगळं हवंच, असं त्यावर ठळक छापलं होतं.

दादाने कागद वाचला. कागदात एक अक्षर चुकीचं नव्हतं. त्यावरचा लॅपटॉप त्याच्या पाठीमागच्या फळीवर होता, जेमतेम तीन पावलांवर, आणि किंमतही बहिणीने ठरवलेल्या रकमेत बसत होती. त्याने मात्र समोरच्या टेबलावरचा घरजावई उचलला.

मग सुरू झाली ती टकळी. वजनाला हलका आहे, पोरीने रोज खांद्यावर वागवायचा आहे. बॅटरी दिवसभर पुरते. कॉलेजवाले काय, कागदावर वाट्टेल ते छापतात. हे सगळं त्याने हजारदा म्हटलेलं होतं, त्यामुळे तोंड आपोआप चालत होतं. त्याचं स्वतःचं लक्ष साहेबाच्या केबिनच्या काचेकडे होतं. बहिणीने लॅपटॉपकडे एकदाही बघितलं नाही. ती भावाच्या तोंडाकडे बघत होती. शाळेत गणित अडलं की अशीच बघायची.

भाचीने एकच प्रश्न विचारला.

"मामा, यात ग्राफिक्स कार्ड वेगळं आहे का?"

"पहिल्या वर्षी लागत नाही ते," मामा म्हणाला.

बहिणीने पोरीला झापलंच. मामाची परीक्षा घेतेस काय, तुझ्या जन्माआधीपासून तो हेच करतोय, वगैरे. भाची मामाकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मामा म्हणेल तो."

साहेबाने यादीत दादाच्या नावापुढे खूण केली आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. दादाला हलकं वाटलं. खोटं कशाला बोला, त्या संध्याकाळी तो शीळ घालत घरी गेला.

सात दिवसांत वस्तू बदलून मिळत असे. दादाला ते ठाऊक होतं, बहिणीला नव्हतं. पण परत आलेला घरजावई विकणाऱ्याच्याच नावावर चढायचा, म्हणून पहिले तीन दिवस त्याने विचार केला, पुढचे तीन दिवस विचार टाळला, आणि सातव्या दिवशी आता काय उपयोग, असं म्हणून मोकळा झाला. माणसाला स्वतःला शेंडी लावायला फारशी अक्कल लागत नाही.

पुढचं सगळं त्याला बहिणीच्या फोनवरून कळत गेलं. पोरगी फार मेहनत करते रे, कॉलेजच्या संगणक खोलीत बंद होईपर्यंत बसते. घरी नकाशा उघडला की पडदा गोठतो, पण ती म्हणते, मलाच अजून नीट जमत नाही. एकदा काम वेळेत दिलं नाही म्हणून सरांनी परत पाठवलं. दुसऱ्यांदाही परत पाठवलं. दादा प्रत्येक वेळी म्हणायचा, एकदा मी बघतो, आण इकडे. आणि बहीण म्हणायची, तू कशाला त्रास घेतोस, तुझी कामं काय थोडी आहेत. दर फोननंतर तो उद्याच तिकडे जाऊन बघायचं ठरवायचा. जेवणाच्या वेळेपर्यंत ते ठरवणं विरून जायचं.

पहिल्या सहामाहीनंतर फोन आला. पोरीने नकाशे सोडले होते, आणि भाषा-इतिहासाच्या वर्गात नाव घातलं होतं. तिकडे नुसतं लिहायचं असतं.

"म्हणते, मन रमलं नाही," बहीण म्हणाली. "लॅपटॉप मात्र एकदम झकास आहे हो दादा. लिहायला कसा पळतो. तुझी निवड कधी चुकत नाही."

दादाने फोन ठेवला. त्यानंतर बहिणीच्या घरी जायचं तो टाळू लागला.

नव्या वर्षाचे प्रवेश सुरू झाले तेव्हा एका दुपारी भाची दुकानात आली. बरोबर शेजारची मुलगी आणि तिचे वडील. माझा भाऊ आहे तिथे, बिनधास्त जा, असं सांगून बहिणीनेच त्यांना पाठवलं होतं. दादाचा तोही शनिवार अजून रिकामा होता, आणि टेबलावर नवा घरजावई मांडलेला होता. वडील मुलीला घेऊन पडद्यांचे आकार बघत पुढे गेले. भाची मागे थांबली.

"मामा, तिलाही नकाशांना मिळालंय," ती हळू आवाजात म्हणाली. "तिला नीट दे."

दादाच्या हातातलं फडकं हातातच राहिलं.

"तुला माहीत होतं?"

"दुकानात यायच्या आधीच. आठ दिवस लॅपटॉपबद्दलच वाचत होते मी."

"मग बोलली का नाहीस तेव्हा?"

"कशी बोलणार? आई तुझ्याकडे बघत होती."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर दादाने काहीतरी उत्तर दिलं असतं, त्याच्याकडे उत्तरं पुष्कळ होती. साहेब, तळघर, पन्नाशी, हप्ते. आपल्यामुळे हिचं वर्ष गेलं, आणि नुसतं वर्ष नाही, सगळंच गेलं, हे त्याला तिथे निळ्या शर्टात उभ्या उभ्या स्वच्छ दिसलं. माफी मागावी म्हणून त्याने तिचं नाव घेतलं, तेवढ्यात शेजारी परत आले.

दादा तीन पावलं मागे गेला, फळीवरून योग्य तो लॅपटॉप काढला आणि त्यांच्यासमोर ठेवला. काचेआडून साहेब बघत होता. शेजाऱ्यांनी काही विचारलं नाही, झाकण उघडूनही पाहिलं नाही.

"आपलं माणूस दुकानात असलं की बरं पडतं," ते भाचीला म्हणाले. "फसायची भीती नाही."

"हो काका," भाची म्हणाली.